पाच पत्ते संपल्यावर

माझी सून तिच्या आईला "अगं आई" म्हणते आणि मला "अहो आई". रीतच आहे तशी. मीही माझ्या सासूला अहोच म्हणत होते, आणि त्या अहोमध्ये माया किती होती ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर टोचतं.

विहीणबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात, पण त्यांच्या चपला आमच्याच दारात असतात. तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. अजून पर्समध्ये लाल पेन्सिल घेऊन फिरतात. वाण्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घसुद्धा त्यांना सहन होत नाही. माझी शाळा चौथीत संपली. पाचवीत नाव घातलं आणि त्याच महिन्यात मला मशीनवर बसवलं. पुढे अठ्ठावीस वर्षं शाळेचे गणवेश कापले. कापडाचे चाळीस थर एकावर एक, आणि वरून एकच खडूची रेघ. रेघ चुकली की एक शर्ट चुकत नाही, चाळीस चुकतात. माझी कधी चुकली नाही. आता हे मीच सांगतेय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझ्या त्या कापायच्या टेबलावर आता लेकाचा आणि सुनेचा कॉम्प्युटर असतो. दोघांनी मिळून एक खेळ काढलाय, "पोळं" नावाचा. जाड पुठ्ठ्याचा पट, त्यावर षटकोनी घरं, लाकडाच्या मधमाश्या आणि फुलांचे पत्ते. पत्ता टाकायचा, माशी हलवायची, मध गोळा करायचा. दिवाणखान्यातल्या चार खुर्च्यांवर दीड वर्ष हा खेळ चालला. त्या घरात मी राहते, पण मी एकदाही खेळले नाही.

कारण सांगते. पहिल्या दिवशी घरीच कापलेले पत्ते घेऊन सगळे बसले. पत्ते कापले कोणी? मी. माझ्या कात्रीने. हात पुसून आले तर माझ्या खुर्चीत विहीणबाई. वर म्हणतात कशा, "तुम्हाला जमेल का विहीणबाई? वाचायचं बरंच आहे हो यात." काळजीने म्हणाल्या असं माझा लेक म्हणतो. असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पोरखेळ आहे, मला वेळ नाही," म्हणून मी उठले ती उठलेच. शेजारचे खेळले, सुनेच्या ऑफिसातले खेळले, दूधवाला दोन डाव खेळून गेला. विहीणबाईंनी सगळ्यांना शिकवलं. मी स्वयंपाकघरातून टाळ्या ऐकल्या.

आता खेळ कारखान्यात छापायला जायचा होता. पाच हजार खोकी. कारखान्याने सांगितलं होतं, गुरुवारी चारच्या आत फायली आल्या तर यंत्र तुमचं, नाही तर तुमची पाळी चार महिन्यांनी. लोकांनी आगाऊ मागणी नोंदवलेली. त्यांना सुट्ट्यांच्या आधी खेळ देतो असा शब्द लेकाने दिलेला. शिवाय एकदा फाईल गेली की गेली. चूक राहिली तर ती पाच हजार ठिकाणी राहणार.

हे मला कोणी समजवायची गरज नव्हती. चाळीस थर आणि पाच हजार, गणित तेच.

गेला आठवडाभर दोघं ते तपासत होते. कारखान्याने एक लांबलचक यादी पाठवलेली, ती भिंतीला चिकटवलेली. एकेका ओळीपुढे सून बरोबरची खूण करायची. पत्त्याचं चित्र कापायच्या रेघेबाहेर तीन मिलिमीटर नेलंय का? मी जाता जाता बघितलं आणि मनात म्हटलं, ही तर शिवणीला सोडतात ती जागा. कापाला जागा सोडली नाही तर सुरी जराशी सरकली की पांढरी कड दिसणार. पत्त्यांची पाठ सरळ आहे का, उलटी छापली जाणार नाही ना? कापायची रेघ नुसती सुरीला दाखवायची आहे, ती छापली तर जाणार नाही ना? पत्ते एकशे आठच आहेत का? ते मोजताना सून एकदा एकशे सातवर थांबली आणि घाम फुटला तिला. एक पत्ता दुसऱ्याच्या मागे लपला होता.

यातलं अर्धं मला विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. विचारलं नाही. नियमांची पुस्तिका मात्र तीनदा विहीणबाईंकडे गेली. तिन्ही वेळा लाल होऊन आली. लेक म्हणायचा, "आईंची नजर म्हणजे नजर!" आईंची. माझ्यासमोर, मला पाठमोरा उभा राहून.

गुरुवारी दुपारी एक वाजता यादीतली शेवटची ओळ उरली. ज्याने हा खेळ कधी पाहिला नाही अशा माणसाला नुसती पुस्तिका द्या, तोंडाने काही सांगू नका, आणि तो खेळतो का बघा. त्यासाठी सुनेने एका मैत्रिणीच्या भावाला बोलावलं होतं. त्याचा फोन आला, ताप आलाय.

"आता?" सून म्हणाली.

"सोड ना," लेक म्हणाला. "साठ माणसं खेळलीत आपल्या घरात."

"त्या साठांना आपण शिकवलंय. न शिकवलेलं माणूस हवंय."

मी दारात कपबशा घेऊन उभी होते. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मग विहीणबाईंनी बघितलं.

"अहो आई," सून म्हणाली, "तुम्ही बसाल?"

"मी कशाला? तुझ्या आईला बसव. नजर आहे त्यांना."

"अगं आई, तुला खेळ येत नाही ना, म्हणूनच हवीयेस तू," लेक म्हणाला.

बघा. पोटच्या पोराचे शब्द. दीड वर्षाने घोडं माझ्यापाशी अडलं, ते का, तर मला येत नाही म्हणून. माझ्या जिभेवर चांगली चार वाक्यं आली होती. पण तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "नाही तर राहू दे रे, त्यांना कशाला त्रास?" आणि मी कपबशा ठेवून खुर्चीत बसले. माझ्याच.

"आणा ती पुस्तिका."

समोर पट मांडला. सून घड्याळ आणि वही घेऊन बसली, लेक खिडकीपाशी. विहीणबाई बरोबर माझ्यासमोर, हाताची घडी घालून, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशा. मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी खेळायचं होतं, एक हात माझा आणि एक नसलेल्या माणसाचा.

मी बोट ठेवून वाचते. वाचायला येतं मला, सावकाश येतं. पहिल्याच पानावर, "मधमाशी ही उद्यमशीलतेचे मूर्तिमंत प्रतीक होय," अशी सुरुवात. चांगल्या सात ओळी. विहीणबाईंनी लिहिलेल्या. त्यांच्या ओठांची हालचाल मी बघितली. पाठ होत्या त्यांना.

पुढे लिहिलं होतं, लाल, पिवळ्या आणि जांभळ्या फुलांना अनुक्रमे तीन, दोन आणि एक थेंब मध.

अनुक्रमे. हा शब्द मी सरकारी कागदावर पाहिलेला, पण तो करतो काय ते कधी कळलं नाही. मी मान वर केली नाही. बोट जरा जोरात पुढे ढकललं.

"कळलं ना?" सुनेने विचारलं.

"कळलं की."

पुढे आणखी दोन ठिकाणी तसंच झालं. कळलं, कळलं, म्हणत मी पान उलटलं. विहीणबाईंसमोर "कळलं नाही" म्हणण्यापेक्षा मी कात्री गिळली असती.

मग खेळ सुरू झाला. प्रत्येकाने पाच पत्ते घ्यावेत. घेतले, माझे पाच, त्या नसलेल्या माणसाचे पाच. आपल्या पाळीत एक पत्ता टाकून एक माशी त्या रंगाच्या फुलापर्यंत हलवावी. हलवली. फुलावर जेवढे थेंब काढलेले तेवढे मोजून घेतले. मग समोरच्याची पाळी. त्याचीही हलवली. कोणाच्याही पोळ्यात तीस थेंब जमले की डाव संपतो. बरं. सोपं होतं, खरं तर मजाही येत होती, पण ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही. सून वहीत खुणा करत होती आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसत होता.

पाच पाळ्या झाल्या. माझ्या पोळ्यात अकरा थेंब, त्याच्या नऊ. आणि हातात पत्ता नाही. दोन्ही हात रिकामे.

मी पुस्तिकेकडे बघितलं. पटाच्या बाजूला पत्त्यांचा हा एवढा मोठा गठ्ठा पडलेला. त्याला हात लावायचा की नाही? लावायचा तर कधी, किती? मी दुसरं पान बोटाने पुन्हा चाचपलं. तिसरं चाचपलं. दिसेना.

आता खरी पंचाईत तुम्हाला सांगते. मी तीन ठिकाणी कळल्याचं सोंग केलेलं. तेव्हा इथे पुस्तिका चुकलीय की मी, हे मला कसं कळावं? त्या अनुक्रमेच्या आसपासच कुठे तरी लिहिलेलं असेल आणि मी बोट ढकलून पुढे गेले असेन. मी तोंड उघडणार, आणि विहीणबाई गोड हसून म्हणणार, "पान दोन, ओळ चार, विहीणबाई. वाचलं नाहीत का?" लेक तिकडे बघणार, सून वहीत बघणार. आणि पुढची वीस वर्षं त्या घरात माझं तोंड बंद.

"झालं?" लेकाने विचारलं. "जमतंय की आईला! पाच पाळ्या बिनचूक. पाठवू या?"

"अहो आई, काही अडलं नाही ना?" सून उठलीच होती.

अडलं नाही म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? आणि खरं सांगते, एक विचार त्याहून काळा आला. जाऊ दे पाच हजार खोकी. उघडू दे लोकांना. पाच पत्ते संपल्यावर बसू दे त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघत. आणि मग येऊ दे पत्रं, की ही पुस्तिका तपासली कोणी? लाल पेन्सिलने. तीनदा.

सुनेचा हात माऊसवर गेला. बोटांची नखं खाल्लेली होती तिची. आठवडाभर खात होती.

"मला कळलं नाही," मी म्हणाले.

इतकं हळू म्हणाले की लेकाला ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. "कळलं नाही म्हटलं! पत्ते संपले. आता काय करू?"

"अगं, घे ना मग गठ्ठ्यातून," लेक हसत म्हणाला. "प्रत्येक पाळीला एक टाकला की एक घ्यायचा. पाच पाहिजेत ना कायम हातात."

"हो, ते आहेच," विहीणबाई म्हणाल्या. "टाकला की घ्यायचा. साधी गोष्ट आहे."

मला त्या "साधी"ने जोर दिला.

"तोंडाने सांगायचं नाही असं ठरलंय. कागदावर कुठंय ते दाखवा."

विहीणबाईंनी पुस्तिका ओढली. चष्मा लावला. दुसरं पान. तिसरं पान. पुन्हा दुसरं. सून कॉम्प्युटरवर शोधायला लागली, लेक तिच्या खांद्यावरून. 

"नाहीये," सून म्हणाली. तोंडचं पाणी पळालं होतं तिच्या. "ही ओळ कधी नव्हतीच. आपल्या सगळ्यांच्या हातात इतकं बसलंय की कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

"साठ माणसं!" लेक म्हणाला आणि मटकन बसला.

विहीणबाईंनी पुस्तिका मिटली. त्यांचा चेहरा उतरला होता. मला आनंद झाला. उगाच मोठेपणा कशाला सांगू? चांगला पोटभर झाला. तीन वेळा लाल केली पुस्तिका, प्रत्येक वेलांटी जागेवर बसवली, आणि खेळच चालत नव्हता.

अडीच वाजले होते. विहीणबाईंनी पेन्सिल काढली आणि खाली मान घालून लिहिलं. मग वाचून दाखवलं, "पाळी संपताच खेळाडूने आपल्या हातातील पत्त्यांची संख्या पूर्ववत करावी."

"कळलं नाही," मी म्हणाले.

खोडलं. "खेळाडूने पत्त्यांच्या गठ्ठ्यातून आवश्यक तितके पत्ते घेऊन—"

"कळलं नाही."

"आई!" लेक म्हणाला.

"का? मला येत नाही म्हणूनच बसवलंयस ना?"

सून हसली. दाबून हसली, पण मी ऐकलं. विहीणबाईंचे कान लाल झाले. पेन्सिल कागदावर टेकली, थांबली. मग त्यांनी लिहिलं, "पत्ता टाकून माशी हलवलीत की गठ्ठ्यातून एक नवा पत्ता घ्या. हातात नेहमी पाच पत्ते हवेत."

"हां," मी म्हणाले. "हे कळलं."

मला वाटलं, झालं. पण त्या बाई तशाच पेन्सिल धरून बसल्या होत्या. "आणखी कुठे कुठे नाही कळलं?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उत्तर दिलं असतं. मघाशी चूक त्यांची होती म्हणून माझ्या तोंडून फटाफट निघालं. आता निघणार होतं ते माझं होतं.

"विहीणबाई, मघाशी तुम्ही तीनदा थबकलात. मी बघत होते," त्या म्हणाल्या. "मुलं अशीच थबकतात आणि हो म्हणतात."

म्हणजे त्यांना दिसलं होतं. सगळं दिसलं होतं, आणि गप्प बसल्या होत्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की खुर्चीवरून उठावंसं वाटलं. भिंतीवरच्या यादीतल्या शेवटच्या ओळीपुढची जागा अजून रिकामी होती.

"हा," मी त्या शब्दावर बोट ठेवलं. "अनुक्रमे. हा काय करतो ते मला माहीत नाही. आणि हा 'उर्वरित'. आणि इथे 'डावीकडून' म्हणजे कोणाच्या डावीकडून? पटाच्या की माझ्या?"

एकेक करून त्यांनी खोडलं. लाल फुलाला तीन थेंब, पिवळ्याला दोन, जांभळ्याला एक. उर्वरितचं उरलेले झालं. डावीकडूनपाशी लेक आणि सूनच भांडले. दोघं दीड वर्ष वेगवेगळं समजत होते, तेही बाहेर पडलं.

पण आता ओळी वाढल्या. दुसरं पान भरून वाहायला लागलं. पुस्तिकेची पानं चाराच्या पटीतच होतात, एक वाढवायचं तर चार वाढवावी लागतात आणि मग सगळंच बदलतं. सून अक्षरं बारीक करून बघत होती. मी म्हटलं, बारीक केलंस तर माझ्यासारखीला दिसणार नाही. पानावरचं चित्र काढून टाकावं तर खेळ मांडायचा कसा ते त्या चित्रातच होतं. सवातीन झाले.

मला ठाऊक होतं काय काढायला हवं. पहिल्या पानावरच्या त्या सात ओळी. मूर्तिमंत प्रतीक. त्या गेल्या तर सगळं वर सरकत होतं. कापडाचा तुकडा कुठून निघतो हे मला न मोजता दिसतं. तोंड उघडायचाच अवकाश होता, आणि काय गोड लागलं असतं ते! मी नीट जुळवाजुळव करत होते, कसं म्हणावं म्हणजे साधंही वाटेल आणि लागेलही.

तेवढ्यात विहीणबाईंनी पुस्तिका पुढे ओढली आणि त्या सात ओळींवर वरपासून खालपर्यंत एक लाल रेघ मारली.

"हे नको आहे," त्या म्हणाल्या. "याच्याशिवाय खेळता येतं."

रेघ सरळ होती. पट्टी न लावता मारलेली, जराही न थरथरता.

"अगं आई, किती छान लिहिलं होतंस तू!" सून म्हणाली.

"असू दे."

लेकाचे डोळे भरून आले, ते त्यांच्याकडे बघून. चूक मी काढली. दुपारभर अपमान मी गिळला. मला येत नाही हे चार माणसांत मी सांगितलं. आणि शेवटी बाजी मारली कोणी? सात ओळी खोडून त्या बाईंनी. माझ्याकडे खोडायला सात ओळीही नव्हत्या.

चारला बारा मिनिटं असताना फाईल गेली. त्याआधी सुनेने मला पुन्हा एकदा सगळी पुस्तिका पहिल्यापासून वाचायला लावली, बोट ठेवून, आणि प्रत्येक ओळीनंतर माझ्या तोंडाकडे बघितलं. बोटाकडे नाही, तोंडाकडे. मी शेवटच्या ओळीला मान हलवली तेव्हाच तिने यादीवर खूण केली. थोड्या वेळाने कारखान्याचं उत्तर आलं, फायली मिळाल्या, उद्या सकाळी यंत्रावर चढतील. लेकाने खिडकीतून बाहेर तोंड काढून नुसताच ओरडा केला.

दोघं पोरं खाली चक्कर मारायला गेली. आठवड्यात त्यांनी ऊन बघितलं नव्हतं. टेबलापाशी आम्ही दोघी उरलो. समोर माझा अर्धा राहिलेला डाव, अकरा थेंब आणि नऊ.

"पुरा करायचा?" विहीणबाई म्हणाल्या. "नसलेल्या माणसाचा हात मी घेते."

"नऊवरून सुरू कराल? मागे आहे तो."

"चालेल मला."

चालेल म्हणे! मी गठ्ठ्यातून पाच पत्ते घेतले, त्यांनी पाच घेतले. मी जीव तोडून खेळले. त्यांची माशी अडवायला मी माझी चांगली चाललेली माशी आडवी घातली, स्वतःचं नुकसान करून. त्या वळसा घालून गेल्या. तीस थेंब त्यांचे आधी झाले. माझे सत्तावीस.

"पहिल्याच डावात सत्तावीस म्हणजे पुष्कळ," त्या म्हणाल्या. तेही मनापासून.

मी सगळे पत्ते गोळा केले, कडा टेबलावर ठोकून सारखे केले आणि गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

"वाटा," मी म्हटलं. "आणि मला सांभाळून घ्यायचं नाही."